खरेदीखतातील एक कलम

माझा पुतण्या गेली अकरा वर्षे अमेरिकेत, मिसुरी राज्यातील सेंट लुईस ह्या शहरी नोकरीनिमित्त राहतो. दोन वर्षांपूर्वी त्याने तेथील एका जुन्या उपनगरात विटांचे दुमजली घर विकत घेतले. घर १९३० च्या सुमाराचे. मागे अंगण, अंगणात एक प्रचंड ओक, आणि तळघरात पूर्वीच्या धन्याने टाकून दिलेला सुतारकामाचा संच. वास्तुशांत यथासांग झाली. तिची छायाचित्रे बडोद्यापासून इंदूरपर्यंतच्या सर्व नातलगांनी कौतुकाने पाहिली. पुढे काही महिन्यांनी त्याने मला एका जुन्या टंकलिखित कागदाची प्रत पाठविली आणि फोनवर हसत हसत म्हणाला, "काका, ह्या कागदाप्रमाणे मी ह्या घरात फक्त स्वयंपाकी म्हणून राहू शकतो!"

तो कागद म्हणजे त्या घराच्या पहिल्या खरेदीच्या वेळी नोंदविलेला दस्तऐवज. कुंपणाची उंची किती असावी, अंगणात कोंबड्या पाळू नयेत अशा निरुपद्रवी अटींच्या रांगेत एक कलम होते. त्याचा आशय असा, की कॉकेशियन वंशाव्यतिरिक्त अन्य कोणाही व्यक्तीस ही मिळकत विकू नये, भाड्याने देऊ नये अथवा वापरू देऊ नये. मात्र घरधन्याच्या चाकरीत असलेले नोकरचाकर ह्या अटीस अपवाद समजावेत. आज ह्या कलमाला कायद्याने कवडीचीही किंमत नाही. तरीही नोंदणी कचेरीतल्या बाडात ते जसेच्या तसे पडून आहे, आणि त्याच्यासारखी हजारो कलमे अमेरिकेच्या शहराशहरांतून पडून आहेत.

पुतण्या हसला खरा. मला मात्र त्या कागदाने बरेच दिवस स्वस्थ बसू दिले नाही. वर्णद्वेष म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे चाबूक, बेड्या, फार तर बसगाडीतील वेगळी आसने येतात. कुंपणाच्या उंचीशेजारी, त्याच शाईने आणि त्याच शांत भाषेत लिहिलेला वर्णद्वेष मी प्रथमच पाहत होतो. ह्या निमित्ताने जे वाचन झाले, त्यातील काही भाग वाचकांपुढे ठेवतो. आपल्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे आज त्या देशात घरे घेत आहेत. त्या घरांच्या पायाखाली काय आहे, ते ठाऊक असलेले बरे.

१८६५ साली अमेरिकेतील गुलामगिरी घटनादुरुस्तीने नष्ट झाली. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या सदाचारी लोकांनी ती नष्ट केली त्यांना अर्पण केला, हे सर्वश्रुत आहे. पण मुक्त झालेल्या चाळीस लक्ष माणसांच्या हाती काय पडले? युद्ध संपता संपता सेनापती शर्मन ह्याने समुद्रकाठची जमीन प्रत्येक कुटुंबास चाळीस एकरपर्यंत वाटण्याचा हुकूम काढला होता. त्याच वर्षी अध्यक्ष अँड्रयू जॉन्सन ह्यांनी तो फिरविला आणि जमिनी पूर्वीच्या धन्यांकडे परत गेल्या. शेतकऱ्याच्या देशात ज्याला जमीन नाही त्याचे स्वातंत्र्य किती, हे आपणांस निराळे सांगावयास नको. दक्षिणेतील कृष्णवर्णीय बटाईने शेती करू लागले, सावकाराच्या वहीत अडकले, आणि १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळे पण समान' हे तत्त्व मान्य केल्यावर शाळा, गाडी, पाणवठा सर्वत्र वेगळे झाले. समान मात्र काहीच झाले नाही.

त्याच १८९६ साली अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण फिलाडेल्फिया शहरात उतरला. त्याचे नाव विल्यम एडवर्ड बर्गहार्ट ड्युबॉइस. हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविणारा तो पहिला कृष्णवर्णीय. बर्लिनलाही शिकून आलेला. पेन्सिल्वानिया विद्यापीठाने त्याला शहरातील कृष्णवर्णीयांच्या स्थितीची पाहणी करण्यास बोलाविले होते; वर्गात शिकविण्याचे काम मात्र त्याला दिले नाही. नवपरिणीत पत्नीसह त्याने सातव्या वॉर्डात, ज्या वस्तीची पाहणी करावयाची तिच्यातच, बिऱ्हाड केले. मदतनीस कोणी नाही. हातात प्रश्नपत्रिका घेऊन तो घरोघर गेला आणि सुमारे अडीच हजार कुटुंबांशी स्वतः बोलला. कोण कोठून आला, काय काम करतो, भाडे किती, खोल्या किती, कोणास लिहितावाचता येते, घरात पोटभाडेकरू किती, हे सारे त्याने टिपले आणि प्रत्येक घर रंगाने दाखविणारा नकाशा तयार केला. १८९९ साली प्रसिद्ध झालेला त्याचा 'द फिलाडेल्फिया निग्रो' हा ग्रंथ म्हणजे अमेरिकन नागर समाजशास्त्राचा आरंभच म्हणावा लागेल, जरी त्या शास्त्राच्या अध्वर्यूंनी हे कबूल करण्यास पुढे कित्येक दशके लावली.

ह्या ग्रंथातील दोन गोष्टी माझ्या मनात रुतून बसल्या आहेत. पहिली घरभाड्याची. वाईट घरात राहणारा माणूस निदान भाडे तरी कमी देत असेल, अशी आपली समजूत असते. ड्युबॉइसला उलटेच आढळले. कृष्णवर्णीय कुटुंबे गोऱ्यांपेक्षा निकृष्ट जागेला गोऱ्यांपेक्षा जास्त भाडे देत. कारण साधे होते. त्यांना शहरात चार-दोन गल्ल्यांपलीकडे कोणी जागाच देत नसे, आणि काम श्रीमंतांच्या घरी असल्यामुळे त्यांना फार दूर जाऊनही भागत नसे. ज्याला दुसरे दार उघडे नाही, त्याच्याकडून घरमालक हवे ते उकळू शकतो. मग भाडे भागविण्यासाठी कुटुंबे आपल्याच खोल्यांत पोटभाडेकरू घेत, गर्दी वाढे, रोगराई वाढे, आणि तीच गर्दी व रोगराई दाखवून गोरे लोक म्हणत, पाहा, हे असे राहतात, ह्यांना शेजारी कसे घ्यावे?

दुसरी गोष्ट आचाऱ्यांची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फिलाडेल्फियातील मोठमोठ्या मेजवान्यांचा धंदा कृष्णवर्णीयांच्या हाती होता. बोगल, ऑगस्टिन, मिंटन ही त्या धंद्यातील नामांकित घराणी. शहरातील उमरावांच्या लग्नाकार्याला ह्यांच्यावाचून चालत नसे. पुढे फॅशन बदलली, मोठ्या भांडवलाची गरज पडू लागली, आणि हा धंदा त्यांच्या हातून निसटला. कौशल्य होते, प्रतिष्ठाही होती. पाठीशी भांडवल मात्र नव्हते. ड्युबॉइसने हे काहीही आक्रस्ताळेपणा न करता, कोष्टके मांडून सांगितले आहे. समाजातील दारिद्र्य हा त्या समाजाचा स्वभाव नसून त्याचा इतिहास आहे, हे आकड्यांनी सिद्ध करण्याचा तो पहिला मोठा प्रयत्न होता.

१९१० ते १९७० ह्या साठ वर्षांत सुमारे साठ लक्ष कृष्णवर्णीय माणसे दक्षिण सोडून उत्तरेच्या व पश्चिमेच्या शहरांत आली. ते येऊ लागताच शहरांनी आपली दारे लावून घेण्यास आरंभ केला. १९१० साली बाल्टिमोर शहराने कोणत्या गल्लीत कोणत्या वर्णाने राहावे ह्याचा कायदाच केला. माझ्या पुतण्याच्या सेंट लुईसने तर १९१६ साली मतदान घेऊन असा नियम मंजूर केला. १९१७ साली सर्वोच्च न्यायालयाने असे नगरपालिकांचे कायदे अवैध ठरविले. पण त्या निर्णयात कृष्णवर्णीयांच्या हक्कापेक्षा गोऱ्या मालकाच्या मिळकत विकण्याच्या हक्काचा विचार अधिक होता. तेव्हा लोकांनी दुसऱ्या युक्तीवर भर दिला. सरकारने करावयाचे नाही ना? मग आपण आपापसांत करार करू. येथेच त्या खरेदीखतातील कलमाचा प्रसार झाला.

ह्या करारांचा शेवटही सेंट लुईसमध्येच सुरू झाला, हा योगायोग मला पुतण्याने सांगितला. मिसिसिपीहून आलेल्या जे. डी. शेली ह्या कृष्णवर्णीय गृहस्थाने १९४५ साली लबाडी ॲव्हेन्यू ह्या रस्त्यावर (रस्त्याचे नाव खरोखरच तसे आहे, त्यात माझी काही पदरची भर नाही) आपल्या मुलाबाळांसाठी एक घर घेतले. त्या रस्त्यावरच्या मालकांनी १९११ सालीच पन्नास वर्षांचा करार करून ठेवला होता. शेजाऱ्याने दावा लावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९४८ साली निकाल लागला, की असे करार न्यायालये अंमलात आणू शकत नाहीत. विशेष म्हणजे नऊपैकी तीन न्यायाधीश ह्या सुनावणीस बसलेच नाहीत. त्यांच्या स्वतःच्या घरांच्या कागदांतही असेच कलम असावे, असा तर्क तेव्हापासून केला जातो.

येथवरची कथा शेजाऱ्यांच्या आकसाची आहे. आकस जगात सर्वत्र असतो आणि कालांतराने विरतोही. पण ह्या आकसाला सरकारी तिजोरीची जोड मिळाली, तेव्हा त्याचे रूपांतर संपत्तीत झाले. हा भाग जरा सावकाश समजून घेण्यासारखा आहे.

१९३० पूर्वी अमेरिकेत सामान्य माणसाला घर घेणे सोपे नव्हते. निम्मी किंमत रोख द्यावी लागे आणि उरलेली तीन ते पाच वर्षांत फेडावी लागे. महामंदीत लक्षावधी घरे जप्त होऊ लागली, तेव्हा रूझवेल्ट सरकारने १९३३ साली गृहस्वामींना कर्ज देणारे महामंडळ आणि १९३४ साली गृहकर्जांना विमा देणारी संस्था स्थापन केली. कर्जाची हमी सरकारने घेतल्यामुळे बँका थोड्या बयाण्यावर वीस-पंचवीस वर्षांच्या मुदतीने कर्जे देऊ लागल्या. आज आपली मुले तेथे तीस वर्षांच्या हप्त्याने घरे घेतात, ती पद्धत ह्यातूनच रूढ झाली.

परंतु सरकार हमी घेणार म्हणजे धोका मोजणार. महामंडळाने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे करविले. उत्तम वस्ती हिरवी, तिच्याखालची निळी, उतरणीला लागलेली पिवळी आणि धोक्याची तांबडी. कृष्णवर्णीयांची वस्ती, मग तेथील घरे कितीही नेटकी असोत, बहुधा तांबड्या रंगात जाई. ह्या नकाशांनी प्रत्यक्ष किती नुकसान केले, ह्याविषयी इतिहासकारांत अलीकडे वाद आहे. महामंडळाने स्वतः तांबड्या भागातही कर्जे दिली होती, असे काही संशोधक दाखवितात. विमा देणाऱ्या संस्थेविषयी मात्र वादास जागा नाही. तिच्या १९३८ सालच्या नियमपुस्तिकेत मिश्र वस्ती हा धोका मानला होता आणि खरेदीखतात वांशिक अट घालण्याची चक्क शिफारस होती. म्हणजे पुतण्याच्या घरातले कलम ही कोणा विक्षिप्त मालकाची लहर नव्हती. सरकारी हमीचे कर्ज सुलभ करणारा तो राजमार्ग होता.

डेट्रॉइट शहरात ह्याचे एक विलक्षण स्मारक उभे आहे. १९४१ साली एका बांधकाम व्यावसायिकाला कृष्णवर्णीयांच्या वस्तीलगत गोऱ्यांसाठी घरे बांधावयाची होती. वस्ती फार जवळ म्हणून हमी मिळेना. त्याने दोहोंच्या मध्ये सहा फूट उंचीची, सुमारे अर्धा मैल लांबीची काँक्रीटची भिंत बांधली आणि हमी मिळाली! भिंत अजून तेथे आहे. तिच्या एका भागावर आता चित्रे रंगविली आहेत.

दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांसाठी गृहनिर्माणाची लाट आली. न्यूयॉर्कजवळ १९४७ पासून उभारलेले लेव्हिटटाऊन हे तिचे प्रतीक. कारखान्यात मोटारी तयार व्हाव्यात तशी सतरा हजारांवर घरे तेथे झाली. किंमत आठ हजार डॉलरच्या आतबाहेर, आणि माजी सैनिकाला दरमहा साठ-एक डॉलरचा हप्ता. शहरातल्या भाड्यापेक्षाही कमी. पण करारात वर्णाची अट होती. अट कागदावरून गेली तरी व्यवहारातून गेली नाही. १९६० साली तेथील ब्याऐंशी हजार रहिवाशांत एकही कृष्णवर्णीय नव्हता. त्याच युद्धात लढलेल्या कृष्णवर्णीय सैनिकाला तेथे घर मिळत नव्हते.

पेन्सिल्वानियात ह्याच नावाची दुसरी वसाहत झाली. तेथे १९५७ च्या ऑगस्टमध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय जोडपे मुलांसह राहावयास आले. घर त्यांनी एका गोऱ्या मालकाकडून रीतसर विकत घेतले होते. विल्यम स्वतः माजी सैनिक. बातमी पसरताच संध्याकाळी शेकडो लोक घरासमोर जमले. दगडांनी काचा फुटल्या. कित्येक रात्री हा प्रकार चालला. राज्याचे पोलीस आणावे लागले. शेजारच्या घरी राहणाऱ्या ज्यू कुटुंबाने त्यांची बाजू घेतली, म्हणून त्यांच्याही घरावर घाणेरडी अक्षरे रंगविली गेली. मायर्स कुटुंब तरीही हलले नाही. घरासमोर जमलेले हे लोक कोणी गुंड नव्हते. पोलादाच्या कारखान्यातून परतलेले, आयुष्यात प्रथमच घराचे मालक झालेले कष्टकरी गृहस्थ होते ते. कृष्णवर्णीय शेजारी आला की घराची किंमत कोसळणार, असे त्यांना दलालांनी, बँकांनी आणि खुद्द सरकारी पुस्तिकेने सांगितले होते.

ज्यांना बँका दार उघडत नसत, त्यांच्यासाठी दुसरे बाजार उघडले. शिकागोमध्ये दलाल एखादे घर घाबरलेल्या गोऱ्या मालकाकडून स्वस्तात घेत आणि दुप्पट किमतीला कृष्णवर्णीय कुटुंबास 'करारावर' विकत. आपल्याकडच्या हायर पर्चेसचाच हा प्रकार. सर्व हप्ते फिटेपर्यंत मालकी दलालाची. दुरुस्ती, कर, विमा मात्र घेणाऱ्याचा. आणि एक हप्ता चुकला की घरही गेले आणि भरलेले पैसेही गेले. मिसिसिपीतून आलेल्या क्लाइड रॉस ह्यांनी १९६१ साली ज्या घराला साडेसत्तावीस हजार डॉलर कबूल केले, ते दलालाने सहाच महिन्यांपूर्वी बारा हजारांना घेतले होते. हप्ते भरण्यासाठी अशी कुटुंबे दोन-दोन नोकऱ्या करीत, मुलांच्या शिक्षणाचा खर्च तोडीत. १९६८ साली ह्या लोकांनी संघ स्थापून लढा दिला. काहींचे करार बदलून मिळाले. न्यायालयात मात्र अखेर त्यांची हार झाली.

त्याच वर्षी ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग ह्यांची हत्या झाली आणि एका आठवड्याच्या आत, ११ एप्रिलला, घराच्या व्यवहारात वर्णभेदास बंदी करणाऱ्या कायद्यावर अध्यक्ष जॉन्सन ह्यांची सही झाली. हा कायदा त्याआधी संसदेत अडून पडला होता. किंग ह्यांनी १९६६ साली शिकागोत घरांसाठीच मोर्चे काढले होते आणि तेथे त्यांच्या डोक्यावर दगड बसला होता.

कायदा झाला, मग आता काय उरले, असा प्रश्न कोणीही सरळ माणूस विचारील. मी स्वतः तो विचारला होता. त्याचे उत्तर व्याजाच्या गणितात आहे. १९४९ साली आठ हजारांना घेतलेले घर मुलांच्या कॉलेजच्या वेळी गहाण टाकता आले, म्हातारपणी विकता आले, मरताना वारसास देता आले. आज त्याची किंमत कित्येक लक्ष डॉलर आहे. त्याच पगाराच्या ज्या शेजाऱ्याने जन्मभर भाडे भरले, त्याच्या मुलाच्या हाती पावत्या आल्या. शिवाय अमेरिकेत शाळेचा खर्च मोठ्या प्रमाणावर स्थानिक घरपट्टीवर चालतो. म्हणून स्वस्त घरांच्या वस्तीत शाळाही गरीब. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत मधल्या गोऱ्या कुटुंबाची निव्वळ मालमत्ता सुमारे दोन लक्ष पंच्याऐंशी हजार डॉलर, तर मधल्या कृष्णवर्णीय कुटुंबाची पंचेचाळीस हजारांच्या आतच भरली. उत्पन्नात इतकी तफावत नाही. पगार ह्या पिढीचा असतो. मालमत्तेत मागल्या दोन-तीन पिढ्यांची शिल्लक असते.

समाजशास्त्रज्ञांत ह्यावरून पुष्कळ खडाजंगी झाली आहे. विल्यम ज्यूलियस विल्सन ह्यांनी १९७८ साली असे मांडले, की आता वर्णापेक्षा वर्गच अधिक निर्णायक ठरू लागला आहे. मॅसी आणि डेंटन ह्यांनी १९९३ साली उलट दाखविले, की सुस्थित कृष्णवर्णीयही वेगळ्याच वस्तीत कोंडले जातात आणि सारे अनर्थ तेथून सुरू होतात. मला स्वतःला दुसरे मत अधिक पटते. पण विल्सन ह्यांनी कारखाने बंद पडण्याकडे बोट दाखविले, ते सोडून चालणार नाही. ह्यातच थॉमस शेलिंग ह्या अर्थशास्त्रज्ञाचा १९७१ सालचा एक खेळ सांगण्याजोगा आहे. बुद्धिबळाच्या पटावर दोन रंगांच्या सोंगट्या मांडाव्यात. प्रत्येकीची इच्छा एवढीच, की आपल्या शेजारी निदान एक-तृतीयांश तरी आपल्या रंगाच्या असाव्यात. कोणाचा द्वेष नाही. नाखूष सोंगटी हलवीत गेले, की थोड्याच वेळात पट दोन रंगांत स्वच्छ विभागलेला दिसतो. नातवंडांबरोबर मी हा खेळ करून पाहिला आहे. मात्र ह्या खेळाने सरकारचा दोष धुऊन निघत नाही. सोंगट्यांनी डेट्रॉइटची भिंत बांधली नव्हती.

आपले लोक ह्या पटावर कोठे बसले? आरंभी ते बाहेरच होते. पेशावरचे वैष्णो दास बगई १९१५ साली पत्नी कला आणि तीन मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोला उतरले. बर्कलीत त्यांनी घर घेतले, पण सामान घेऊन गेले तो शेजाऱ्यांनी घराला कुलुपे ठोकलेली! ते परत फिरले. १९२३ साली भगतसिंग थिंड ह्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरविले, की हिंदी मनुष्य शास्त्राच्या व्याख्येने कॉकेशियन असला तरी सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे गोरा नव्हे. बगईंचे नागरिकत्व हिरावले गेले आणि १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली. पुढे १९६५ च्या कायद्याने दार उघडले, तेव्हा आपले डॉक्टर आणि एंजिनियर तेथे गेले. ज्या चळवळीने ते दार उघडण्याजोगे वातावरण निर्माण केले, ती कृष्णवर्णीयांची होती. आपण पोचलो, पदवीच्या बळावर कर्ज मिळविले आणि 'चांगल्या शाळेची' वस्ती निवडली. सेंट लुईसमध्ये डेलमार नावाचा एक रस्ता आहे. त्याच्या उत्तरेस मुख्यतः कृष्णवर्णीय, दक्षिणेस मुख्यतः गोरे. घर शोधताना दलालाने पुतण्याला उत्तरेकडचे एकही घर दाखविले नाही, आणि त्यानेही विचारले नाही. हे त्याने आपणहून सांगितले, म्हणून येथे लिहितो.

त्याला उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. मी बडोद्याचा. १९१३ साली श्रीमंत सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना ज्या कोलंबिया विद्यापीठात पाठविले, ते न्यूयॉर्कच्या हार्लेम ह्या कृष्णवर्णीय वस्तीला लागूनच आहे. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी ड्युबॉइस ह्यांना पत्र लिहून आपल्या आणि त्यांच्या लोकांच्या स्थितीतील साम्य कळविले, आणि त्याला उत्तरही आले. पण त्याआधी १९१७ साली, परदेशातून शिकून महाराजांच्या नोकरीत रुजू होण्यास आलेल्या ह्या विद्वानाला आमच्या शहरात राहावयास खोली मिळाली नाही. पारशी सराईत पारशी नाव लावून त्यांनी दिवस काढले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक आले. त्यांनी संध्याकाळपर्यंत खोली सोडण्यास बजावले. बाबासाहेब कामाठी बागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस परतले. आजच्या सयाजीबागेत त्या जागी संकल्पभूमी आहे. मी सकाळी तिकडेच फिरावयास जातो.

आमचा दांडिया बाजारातला वाडा आता नाही. १९६८ च्या जूनमध्ये त्याच्या माडीवरची रस्त्याकडील खोली रिकामी झाली होती. एके सायंकाळी एक तरुण गृहस्थ आले. नव्यानेच एका शाळेत शिक्षक म्हणून लागले होते, मराठी उत्तम बोलत. मी सोळा वर्षांचा. किल्ली घेऊन मीच त्यांना वर नेले, खिडकी उघडून दाखविली. खोली त्यांना पसंत पडली. खाली आल्यावर नानांनी गाव विचारले, मग आडनाव विचारले. आजी पाण्याचे तांब्या-भांडे घेऊन आली होती, ती दारातूनच परत फिरली. नाना आत गेले आणि मला हाक मारून म्हणाले, "खोली कालच दिली आहे, असे सांग त्यांना." मी बाहेर येऊन तसे सांगितले. माझ्या हातात किल्ली तशीच होती. त्यांनी तिच्याकडे पाहिले, "बरं" म्हणाले आणि चपला घालून निघून गेले. खोली दिवाळीपर्यंत रिकामीच होती.

पुतण्याच्या कागदाने हे सारे वर आले. आमच्या वाड्याच्या दस्तऐवजात असे काही कलम होते का, असे त्याने मागल्या रविवारी फोनवर विचारले. नव्हते, लिहून ठेवण्याची गरज आजोबांना कधी वाटली नाही. मग त्याला ती जूनमधली संध्याकाळ सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. शेवटी त्याने विचारले, "काका, त्यांचं नाव काय होतं?"

मला आठवेना. नानांनी आडनाव विचारले होते, एवढे पक्के आठवते.